प्रकल्प नोंदी : ढोलकी-हलगीचे टोन पॅडमध्ये भरताना

१५ जून २०२५, रविवार

यंदा गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला आहे. त्याआधी माझ्या रोलँड एसपीडी-एसएक्स या काड्यांनी वाजवायच्या इलेक्ट्रॉनिक पॅडमधले ढोलकी आणि हलगीचे सगळे टोन काढून नवे भरायचे, असे ठरवून आजपासून ही वही सुरू करत आहे. गेल्या मोसमातली तक्रार अशी होती की, कोपरीतल्या घरी हेडफोन लावून वाजवताना भरदार वाटणारी ढोलकी मंचावरच्या स्पीकरमधून पत्र्याच्या डब्यासारखी ऐकू येत असे आणि पॅडवर काडी पडल्यानंतर आवाज किंचित मागाहून आल्यासारखा वाटत असे. साउंडवाल्यांना दोष देऊन मी तीन महिने काढले. आता दोष माझ्याच फाइलींत आहे का, हे आधी पाहणार आहे.

या नोंदींत ‘टोन’ म्हणजे एका पॅडवर बसवलेला एका आघाताचा आवाज, आणि ‘नमुना’ म्हणजे डिजिटल ध्वनीतले एक मोजमाप, असे मी धरून चालणार आहे. आमच्याकडे पॅड कोणतेही असले तरी त्याला ऑक्टोपॅडच म्हणतात. वास्तविक १९८५ साली रोलँडने काढलेल्या मूळ ऑक्टापॅडला आठ पॅड होते आणि स्वतःचा एकही आवाज नव्हता. त्याची तार दुसऱ्या यंत्राला जोडावी लागे. माझ्या यंत्राला नऊ पॅड आहेत आणि आवाज मीच भरायचे आहेत, त्यामुळे आवाज वाईट आला तर जबाबदारीही माझीच.

हे यंत्र आवाज १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने आणि प्रत्येक नमुना १६ बिटचा, या एकाच मापात साठवते. पुढचे सगळे निर्णय या मापाला धरून घ्यायचे आहेत.

१७ जून, मंगळवार

जुने टोन तपासले. ते मी विकत घेतलेले नव्हते, ध्वनिमुद्रित केलेले तर नव्हतेच. या ग्रुपमधून त्या ग्रुपमध्ये, या पेनड्राइव्हवरून त्या पेनड्राइव्हवर, असे ते हातोहात माझ्यापर्यंत आले होते. नावापुढे वेव्ह असे लिहिलेले असले, तरी ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्राममध्ये त्यांचा स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे खालपासून वरपर्यंतच्या आवाजांचे चित्र, उघडल्याबरोबर वरचा भाग १६ किलोहर्ट्झच्या आसपास सुरीने कापल्यासारखा रिकामा दिसला. ४४.१ किलोहर्ट्झच्या फाइलीत २२ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज मावतो. तेव्हा ही फाइल कधी काळी १२८ किलोबिटच्या आसपासच्या एमपी३ मधून गेली असणार. पुन्हा वेव्ह केल्याने गेलेला आवाज परत येत नाही, फक्त फाइल जाड होते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट तरंगाचे चित्र मोठे करून पाहिल्यावर हाती लागली. ढोलकीच्या ‘ना’च्या टोनमध्ये आघातापूर्वी सुमारे १,१०० नमुन्यांची शांतता होती. एमपी३ करताना लेम हा एन्कोडर सुरुवातीला ५७६ नमुन्यांचा उशीर घालतो आणि उलगडताना डीकोडरचे आणखी ५२९ नमुने त्यात भर घालतात. उलगडणाऱ्या प्रणालीने तो उशीर कापला नाही, तर एकूण १,१०५ नमुने, म्हणजे २५ मिलिसेकंद, फाइलीच्या तोंडाशी चिकटून राहतात. तेवढ्या वेळात आवाज हवेतून साडेआठ मीटर जातो. म्हणजे माझी ढोलकी माझ्यापासून साडेआठ मीटर लांब कोणीतरी वाजवत होते आणि मी गेले वर्षभर ‘हात जड झालाय’ असे समजून रियाज वाढवत होतो.

शिवाय एमपी३ १,१५२ नमुन्यांच्या चौकटींत काम करते, त्यामुळे तीक्ष्ण आघाताची धूळ आघाताच्या आधीच्या भागातही पसरते. झांज किंवा हलगीत ती ‘फस्स’ अशी ऐकू येते. ही कापून काढता येत नाही, कारण ती आघातात मिसळलेली असते. जुने टोन संपले. सगळे नव्याने ध्वनिमुद्रित करणार.

२१ जून, शनिवार

ढोलकीवाले काका कळव्याहून आले. लावणीच्या फडात आयुष्य गेलेल्या माणसाला एकेक थाप सुटी मारायला सांगणे म्हणजे गवयाला एकेक अक्षर म्हणायला सांगण्यासारखे आहे. तिसऱ्या थापेलाच ते म्हणाले, “अरे, मागे ताल नाही, पुढे ताल नाही, ही थाप उभी कशावर राहणार?” मग त्यांना आधी एक आवर्तन वाजवू दिले आणि समेवरची थाप वाजवून हात उचलायला सांगितले. फरक लगेच जाणवला. रिकाम्या थापेपेक्षा ठेक्यातून आलेल्या थापेत वजन होते.

खोली दहा बाय बारा फुटांची आहे. भिंतींना दोन गाद्या टेकवल्या, खिडकीवर गोधडी बांधली, पंखा बंद केला. ढोलकीच्या शाईच्या, म्हणजे कडक आवाजाच्या पुडीसमोर एक माइक आणि धुमासमोर, म्हणजे खालच्या आवाजाच्या पुडीसमोर दुसरा, दोन्ही एक वीत अंतरावर ठेवले. धुमासाठी डायनॅमिक माइक घेतला आणि शाईसाठी छोटा कंडेन्सर. ध्वनिमुद्रण २४ बिटमध्ये केले आणि सर्वांत मोठी थाप उणे १० डेसिबलच्या वर (शून्य ही फाटण्याची मर्यादा) जाणार नाही इतकाच गेन, म्हणजे माइकच्या आवाजाची वाढ, ठेवला. पूर्वी काटा लाल रंगाला टेकल्याशिवाय माझे समाधान होत नसे. २४ बिटची सैद्धांतिक व्याप्ती १४६ डेसिबल आहे आणि माझ्या खोलीतला गोंगाट, माइक व तो लॅपटॉपला जोडणारा इंटरफेस मिळून तिचा निम्मा भागही मी वापरू शकत नाही; दहा डेसिबलची मोकळी जागा ठेवल्याने काहीही बिघडत नाही, पण एक थाप फाटली तर ती कायमची गेली.

कोपरीत रूळ जवळ असल्याने दर दोन-चार मिनिटांनी लोकलची घरघर धुमाच्या माइकमध्ये येत होती. रात्री एक वाजल्यानंतर काम नीट सुरू झाले आणि साडेतीनला संपले. काकांनी ढोलकी पेटीवरच्या काळी चारच्या सुराला लावली होती. हवा इतकी दमट होती की, त्यांना मधून मधून बोल्ट आवळावे लागत होते.

२२ जून, रविवार

एक चूक. सवयीने इंटरफेस ४८ किलोहर्ट्झवर राहिला होता. चित्रफितींचे काम करताना मी तो तसा ठेवतो. यंत्राला ४४.१ लागते. ऑडॅसिटीमध्ये दर बदलण्याच्या दोन जागा आहेत आणि दोन्ही वेगवेगळी कामे करतात. ट्रॅकच्या नावाखालच्या यादीतला ‘रेट’ बदलला की, नमुने तेच राहतात आणि फक्त ते वाचण्याचा वेग बदलतो. ४८ च्या फाइलीला ४४.१ म्हणून वाचले, तर आवाज जवळजवळ दीड पट्टी खाली उतरतो आणि नऊ टक्के लांबतो. मी नेमके तेच केले आणि काळी चारची ढोलकी पांढरी पाच आणि काळी तीनच्या मध्ये कुठेतरी लोंबकळू लागली. ‘ट्रॅक्स’ यादीतले ‘रीसॅम्पल’ वापरले की, नवे नमुने गणिताने काढले जातात आणि सूर जागेवर राहतो.

रीसॅम्पल एकदाच केले, २४ बिटमध्येच. पुढच्या वेळी मात्र थेट ४४.१ वरच ध्वनिमुद्रण करणार आहे. ‘९६ घे, जास्त चांगले’ असा सल्ला मला दोघांनी दिला. शेवटी ४४.१ वरच उतरायचे असेल, तर त्या चढउतारातून ढोलकीच्या एका थापेला काय मिळणार, हे त्यांनी सांगितले नाही.

२८ जून, शनिवार

डब्याचा उलगडा झाला, असे आज छातीठोकपणे लिहितो.

दोन माइकचे ध्वनिमुद्रण डावे-उजवे असे पसरून ऐकले, तर ढोलकी हेडफोनमध्ये खोलीभर पसरते. तेच मोनो केल्याबरोबर तिच्या पोटातला आवाज नाहीसा होतो. तरंग एकाखाली एक ठेवून मोठे करून पाहिले, तेव्हा एकाचा पहिला डोंगर होता तिथे दुसऱ्याची दरी होती. कारण सरळ आहे. शाईवर थाप पडली की, शाईचे कातडे आत जाते, म्हणजे आपल्या माइकपासून दूर. आतली हवा दाबली जाते आणि धुमाचे कातडे बाहेर, म्हणजे त्याच्या माइककडे ढकलले जाते. दोन्ही माइक एकाच घटनेचे उलटसुलट वर्णन करतात आणि मोनोमध्ये बेरीज झाली की, खालच्या पट्टीतले आवाज एकमेकांना खाऊन टाकतात.

आमच्या कार्यक्रमांत पॅडमधून एकच केबल निघते. यंत्राच्या मुख्य आउटपुटच्या डाव्या खोबणीवर ‘मोनो’ असे लिहिलेले आहे; फक्त तिथेच केबल लावली की, यंत्र डावा आणि उजवा दोन्ही आवाज मिळवून एकत्र बाहेर पाठवते. म्हणजे घरी मी स्टिरिओ ऐकत होतो आणि मंचावर लोक त्याची वजाबाकी ऐकत होते. जुने टोनही असेच दोन माइकवाले होते. तपासले, दोष तोच.

धुमाच्या माइकचा तरंग उलटा केला आणि पोट परत आले. पण तेवढ्याने भागले नाही. दोन माइक एकमेकांपासून सुमारे ९० सेंटिमीटर दूर होते. शाईचा कडक आवाज धुमाच्या माइकपर्यंत दीड-दोन मिलिसेकंद उशिरा पोहोचतो आणि मोनोत वरच्या पट्टीचे आवाज फणीच्या दातांसारखे कापले जातात. म्हणून शेवटी असे केले : ‘ना’, ‘ता’ आणि चाट यांच्यासाठी फक्त शाईचा माइक, धुमासाठी फक्त धुमाचा, दोन्ही हात एकदम पडतात त्या थापांसाठी शाईचा माइक पूर्ण आणि धुमाच्या माइकचा २०० हर्ट्झखालचा भाग, उलटा करून. सगळे टोन मोनो फाइली म्हणूनच जपले. आमच्या कामात एका ढोलकीच्या डाव्या-उजव्या पसाऱ्याचा मला आजवर काहीही उपयोग झालेला नाही.

६ जुलै, रविवार

आषाढी एकादशी. दिवसभर भजनांचे कार्यक्रम होते, प्रकल्पाचे काम नाही.

१२ जुलै, शनिवार

कापणी. या कामाला सर्वांत जास्त वेळ लागला आणि मला ते सर्वांत जास्त आवडले.

प्रत्येक टोन आघाताच्या आधी सुमारे ४४ नमुने, म्हणजे एक मिलिसेकंद, राखून कापला. आघातालाच चिकटून कापला, तर तरंग शून्यावरून न निघता मध्येच उडी मारतो आणि ‘टिक्’ असा खडा ऐकू येतो. शिवाय कातड्याला बोट टेकण्याचा जो अगदी बारीक आवाज असतो तो गेला की, थाप कृत्रिम वाटते. शेवटचे टोक मात्र घाईने कापायचे नाही. धुमाच्या घुमाऱ्यात सूर खालून वर सरकत जातो आणि तो विरेपर्यंत जवळजवळ दीड सेकंद लागतो. मागच्या टोनमध्ये तो अर्ध्या सेकंदावर कापलेला होता, म्हणून पॅडवरचा घुमारा नेहमी दारात बोट सापडल्यासारखा संपायचा. आता पूर्ण शेपूट ठेवली आणि शेवटचे ५० मिलिसेकंद शून्यापर्यंत उतरवले. ३० हर्ट्झच्या खालचे सगळे गाळले. तिथे लोकल गाड्या आणि माइकच्या स्टँडचा हादरा यांच्याशिवाय काही नव्हते.

मग पातळी. पूर्वी मी प्रत्येक टोन वेगळा घेऊन शिखर शून्य डेसिबलपर्यंत चढवत असे. त्यात हळू वाजवलेली ‘ना’ आणि जोरकस धूम एकाच उंचीच्या होतात आणि ढोलकीचा स्वभावच जातो. या वेळी सगळ्या थापा एका ट्रॅकवर ओळीने लावल्या, त्यांतली सर्वांत मोठी उणे ३ डेसिबलवर येईल एवढी वाढ मोजली आणि तेवढीच वाढ सगळ्यांना दिली. उणे ३ का, तर पॅडवर धूम आणि हलगी एकदम पडतात. दोन सारख्या उंचीची शिखरे जुळली, तर बेरीज ६ डेसिबलपर्यंत वाढते आणि यंत्राच्या आतच आवाज फाटतो. उरलेली जागा पॅडची पातळी कमी ठेवून मिळवली.

हे सगळे २४ बिटमध्ये असतानाच करायचे, याबद्दल मी आता हट्टी झालो आहे. १६ बिटच्या फाइलीत शिखर उणे २४ डेसिबलवर असेल, तर वरचे चार बिट रिकामे जातात, कारण एका बिटला साधारण ६ डेसिबल. अशी फाइल यंत्रात भरून तिथे आवाज चढवला, तर गाळही तेवढाच वर येतो. आधी पातळी, मग १६ बिट.

१३ जुलै, रविवार

१६ बिटमध्ये उतरवताना डिथर, म्हणजे मुद्दाम मिसळायचा अगदी सूक्ष्म गोंगाट, लावायचा की नाही, यावर कीबोर्डवाल्या दादांशी फोनवर तासभर वाद झाला. त्यांचे म्हणणे, ढोलकीच्या एवढ्या दणक्यात तो सूक्ष्म गोंगाट कोणाला ऐकू येणार? थापेच्या तोंडाशी नाहीच येणार. घुमाऱ्याची शेपूट विरत जाते तिथे मात्र डिथर नसला की, सूर गुळगुळीत न विरता खरखरत तुटतो. हेडफोनचा आवाज पूर्ण चढवून मी तो त्यांना ऐकवला. ऑडॅसिटीत निर्यातीच्या वेळी ‘शेप्ड’ हा प्रकार आधीपासून निवडलेला असतो. तो गोंगाटाला वरच्या पट्टीत ढकलतो. माझे टोन एकावर एक वाजणार आहेत, म्हणून मी साधा ‘ट्रँग्युलर’ निवडला. डिथर एकदाच, अगदी शेवटी. १६ बिट झालेली फाइल पुन्हा उघडून दुरुस्त करायची नाही. दुरुस्ती मूळ २४ बिटच्या फाइलीत करायची आणि नवी प्रत काढायची.

दादांची दुसरी मागणी वेगळी होती. त्यांना हलगीला जुन्या यंत्रांचा दाणेदार आवाज हवा आहे. ती चव खरी आहे. १९८७ च्या ई-म्यू एसपी-१२०० या सॅम्पलर यंत्रात १२ बिट आणि २६.०४ किलोहर्ट्झ होते आणि सगळे मिळून दहा सेकंदांचा आवाज मावत असे. त्या तुटपुंजेपणातून आलेला खरबरीतपणा लोकांना आवडला. पण तो हवा असेल, तर स्वच्छ हलगी ध्वनिमुद्रित करून तिची एक प्रत नंतर खराब करता येते. उलटे करता येत नाही.

२० जुलै, रविवार

आज भरण्याच्या दोन वाटा ताडून पाहिल्या. आमच्यातले बरेच जण लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून केबल काढून यंत्राच्या ऑडिओ इनमध्ये घालतात आणि यंत्रावर सॅम्पलिंगचे बटण दाबतात. मी तोच टोन एकदा असा आणि एकदा पेनड्राइव्हवरून फाइल म्हणून भरला, दोन शेजारच्या पॅडवर ठेवला आणि डोळे मिटून आलटून पालटून वाजवला. धुमाच्या शेपटीत केबलच्या वाटेने आलेल्या टोनमागे ५० हर्ट्झची गुणगुण स्पष्ट होती. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर ती गेली, परंतु बारीक फसफस राहिली. त्यात नवल नाही. फाइल एकदा लॅपटॉपमध्ये विद्युत् संकेत झाली आणि यंत्रात पुन्हा आकडे झाली, आणि त्या दोन्ही वेळी पातळी मी अंदाजाने ठेवली होती. फाइल थेट भरली की, जे आकडे मी घरी ठरवले तेच पॅडखाली येतात. ऑडिओ इनची वाट मी फक्त जिवंत वाद्यासाठी राखून ठेवली आहे.

३ ऑगस्ट, रविवार

हलगी. कालपासून संततधार असल्याने कातडे इतके सैल होते की, हलगीचा डफ झाला होता. शेकोटी पेटवणार कुठे? हलगीवाल्या भाऊंनी गॅसच्या शेगडीवर हातभर उंच धरून ती फिरवत फिरवत शेकली. दर दहा मिनिटांनी स्वयंपाकघर ते खोली अशी आमची वारी चालली होती. आईने दोनदा विचारले की, भाकरी कधी भाजायची.

हलगी फार तीक्ष्ण आहे. एक वीत अंतरावर कंडेन्सर फाटत होता, म्हणून माइकवरचे, आवाज १० डेसिबलने घटवणारे ‘पॅड’ नावाचे बटण लावून माइक तीन फूट मागे नेला. दूर नेल्यावर भिंतींचा आवाज वाढला. तिसरी गादी आणली. उजव्या हाताच्या जाड टिपरूचे आणि डाव्या हाताच्या बारीक काडीचे आघात वेगवेगळे घेतले, प्रत्येकी चार. जलद कडकडाटात तोच एक टोन पुन्हा पुन्हा वाजला की, यंत्र ओरडत असल्यासारखे वाटते. शेजारच्या दोन पॅडवर दोन वेगळे आघात बसवून दोन हातांनी वाजवले की, ते बरेच कमी होते.

दादांनी विचारले की, लावणीची पट्टी बदलली तर काळी चारची ढोलकी वर-खाली सरकवता येईल का? एक पट्टीपर्यंत चालते. चार पट्ट्या वर नेऊन पाहिली, तर टोनची लांबी ७९ टक्के उरली आणि ढोलकी खेळण्यातली झाली. मोठ्या फरकासाठी काकांना पुन्हा बोलावून ढोलकी त्या पट्टीला लावणे, एवढाच उपाय आहे.

१९ ऑगस्ट, मंगळवार

काल आणि आज मुसळधार पाऊस. तालीम रद्द. घरी बसून सगळ्या फाइलींची नावे सारख्या पद्धतीने बदलली आणि २४ बिटच्या मूळ फाइलींच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवल्या.

२३ ऑगस्ट, शनिवार

मंडपात साउंड लागला. यंत्राचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवला, मिक्सरवर गेन कमी करून घेतला, केबल डीआय बॉक्समधून (वाद्याचा संकेत मिक्सरला जुळवून देणाऱ्या डबीतून) एकेरीच नेली. धुमाने मंडपाचा पत्रा हलला. साउंडवाल्या भाऊंनी विचारले, “पॅड नवा घेतला का?”

काका मागे खुर्चीवर बसून ऐकत होते. पेटीवर काळी चारचा सूर धरायला सांगून त्यांनी मला एकेक पॅड वाजवायला लावला. सहाव्या पॅडवर हात वर केला. “ही उतरलेली आहे.” मला ऐकू आले नव्हते. ट्यूनर लावला, ती थाप १२ सेंट (एका पट्टीचे १०० सेंट) खाली होती. ध्वनिमुद्रणाच्या वहीत पाहिले, तर ती पहाटे तीननंतर घेतलेली, शेवटच्या खेपेतली निघाली. दमट हवेत कातडे उतरले होते आणि बोल्ट आवळायचे राहून गेले होते. तीच थाप दीड वाजताही घेतली होती. रात्री घरी येऊन ती मूळ २४ बिटमधून काढली, बाकीच्यांएवढीच वाढ दिली, डिथर लावला, पेनड्राइव्हवर टाकली आणि सहाव्या पॅडवर बसवली. उद्या सकाळी काकांना फोनवरून नव्हे, तर कळव्याला जाऊन हेडफोन लावून ऐकवणार आहे.